माहेरचं नाव



मागच्या वेळी मुगाच्या पापडांबद्दल लिहिलं, तेव्हा बऱ्याच जणींनी आपापल्या घरचं प्रमाण कळवलं. आज स्वयंपाकघराबाहेरचा विषय आहे, पण घरातलाच आहे. आज नावांबद्दल लिहिणार आहे. तुमच्या, माझ्या आणि आपल्या सासूबाईंच्या नावांबद्दल.

आमच्याकडे नात झाली. बारशाच्या आधी मुलगा जन्मनोंदणीचा अर्ज घेऊन आला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून भरायला लागला. त्यात आता बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि मग आडनाव असा क्रम आहे. १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्र सरकारने हा क्रम सक्तीचा केला, हे तुम्ही ऐकलं असेलच. मुलाने आईच्या रकान्यात सूनबाईंचं नाव लिहिलं, ऋतुजा. मग ऋतुजा माझ्याकडे वळून म्हणाली, "मम्मी, तुमच्या वेळी असं असतं तर निखिलच्या नावात तुमचं कुठलं नाव लागलं असतं?"

मी पोळ्या लाटत होते. लाटणं तिथेच थांबलं. कारण मला दोन नावं आहेत, हे तिला माहीत होतं, आणि उत्तर मला खरंच सुचेना.

माझं माहेर जुन्नर. तिथे मी हंसा होते. १९८६ मध्ये लग्न होऊन घोडेगावला आले तेव्हा या घरात एक हंसा आधीच होत्या, माझ्या मोठ्या नणंदबाई. एका घरात दोन हंसा कशा चालतील? शिवाय मोठ्या नणंदेला नावाने हाक मारल्यासारखं व्हायचं. म्हणून माझं नाव वर्षा ठेवलं. ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नाव लिहायची पद्धत मूळची आपल्या गुजराती लोकांची नाही, पण तीन-चार पिढ्या इथे राहिल्यावर ती आमच्याकडेही आली होती. ह्यांनी तांदळात 'वर्षा' लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही हसले. मला वाईट वाटलं का, असं आज विचाराल तर तेव्हा वाटलं नव्हतं. नवं घर, नवी साडी, नवं नाव, सगळं एकत्रच आलं होतं. पुढे काही महिने मात्र कोणी "वर्षा" अशी हाक मारली की मी मागे वळून पाहायचे, कोणाला बोलावतायत म्हणून. बा म्हणायच्या, "वहूला ऐकू कमी येतं की काय?"

बा म्हणजे माझ्या सासूबाई. हा लेख खरं तर त्यांच्यासाठीच लिहायला घेतला आहे.

बांचं माहेर आंबेगावचं. बाहेरगावच्या मैत्रिणींसाठी सांगते, आमच्या तालुक्याचं नाव आंबेगाव, पण तालुक्याचं ठिकाण घोडेगाव. तहसील इथे, आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय इथे. लग्नपत्रिकेत तर 'घोडेगाव (ता. आंबेगाव, जि. पुणे)' असं पूर्ण लिहावंच लागतं, नाहीतर पाहुणे नेवासे तालुक्यातल्या, कांद्याच्या बाजाराच्या घोडेगावला जाऊन उतरतात. आमचं घोडेगाव घोड नदीच्या काठचं. आणि ज्या आंबेगावाच्या नावाने तालुका आहे ते जुनं आंबेगाव आता पाण्याखाली आहे. घोड नदीवर डिंभ्याला धरण झालं, त्यात ते गेलं. त्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव दिलं आहे. बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवे झाले ते. त्यांचं आडनाव सैद, पण ते कितीजणांना ठाऊक आहे? देशाने त्यांना स्वतःच्या आणि वडिलांच्या नावानेच लक्षात ठेवलं.

बांच्या वडिलांचं आंबेगावात किराणा आणि हिरड्याचं दुकान होतं. डोंगरातले लोक हिरडा घेऊन यायचे आणि मीठ, गूळ, कापड घेऊन जायचे. बा सांगायच्या, अंगणात हिरडा वाळत घातलेला असायचा आणि त्याचा तुरट वास केसांनाही लागायचा. धरणाचं पाणी उतरलं की उन्हाळ्यात जुन्या गावातली जोती दिसतात. एकदा आम्ही त्यांना घेऊन गेलो होतो. बा काठावर उभ्या राहिल्या, हात लांब करून म्हणाल्या, "ते तिकडे." एवढंच.

साधारण २००३ ची गोष्ट. बांचे भाऊ वारले आणि वरच्या अंगाला उरलेल्या थोड्या जमिनीची वारसनोंद करायची वेळ आली. जुन्या कागदावर मुलींमध्ये एक नाव होतं, चंपा. आमच्याकडे रेशनकार्डावर, मतदार ओळखपत्रावर, बँकेत सगळीकडे होतं सुशीला. कार्यालयातल्या माणसाने कागद परत सरकवला. "ही चंपा कोण? आणि ह्या बाई कोण?"

आमचे हे म्हणाले, "अहो, माझी आईच ती."

"ते तुम्ही म्हणता. कागद म्हणत नाही."

कितीतरी फेऱ्या झाल्या. एकदा दाखला चुकीचा, एकदा साहेब रजेवर, एकदा शिक्का फिका. शेवटी बा ज्या शाळेत चौथीपर्यंत शिकल्या तिच्या जुन्या रजिस्टरचा उतारा मिळाला. शाळा नव्या जागी गेली होती, पण रजिस्टरं जपली होती. त्यात चंपा होती, वडिलांच्या नावासकट, जन्मतारखेसकट. त्या तारखेवरून बा आम्ही समजत होतो त्यापेक्षा दोन वर्षांनी लहान निघाल्या, याचं त्यांना फार हसू आलं. मग स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र केलं, की चंपा आणि सुशीला ही एकच व्यक्ती आहे. वकिलांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि सांगितलं, दोन्ही नावांनी सह्या करा.

सुशीला ही सही बांनी झरझर केली. 'चंपा' लिहिताना मात्र पेन थांबलं. शाळेत गिरवलं होतं तसं, एकेक अक्षर सुटं काढून त्यांनी ते लिहिलं. नावाला वेगळी सही नव्हतीच, कारण त्या नावाने सही करायची वेळ कधी आलीच नव्हती. घरी येताना रिक्षात मला म्हणाल्या, "सत्तेचाळीस वर्षांनी लिहिलं गं." पुढे घोडेगाव येईपर्यंत काही बोलल्या नाहीत.

त्या रात्री मी विचारलं, "बा, नाव का बदललं होतं?" उत्तर माझंच होतं. त्यांच्या सासूबाईंचं नाव चंपा होतं. सासूचं नाव सुनेला कसं चालणार?

या सगळ्यानंतर मला नावांचा नादच लागला. पुण्यातल्या वाचनालयातून पुस्तकं आणली, साध्वीजींना विचारलं, दिवाळीत जमलेल्या पाहुण्यांना छळलं. आपली आडनावं किती बोलकी आहेत, ते आधी सांगते.

माझं माहेरचं आडनाव गांधी. गंध विकणारा तो गंधिक, त्याचा झाला गांधी. पुढे तोच माणूस औषधी, मसाले, किराणा विकू लागला. सासरचं शाह. लोकांना वाटतं, बादशहाचा शाह. पण आपला शाह 'साधु' या शब्दातून आला असं भाषेचे जाणकार सांगतात. साधु म्हणजे सज्जन, सचोटीचा व्यापारी. साधुचा साहु झाला, साहुचा साह, आणि फारसीच्या काळात तो शाह असा लिहिला जाऊ लागला. सावकारातला 'साव' आणि 'साव की चोर' यातला साव त्याच घराण्यातले. म्हणजे हे आडनाव राजेपण सांगत नाही, वजनकाटा सरळ धरायला सांगतं. दुकानात बसताना हे लक्षात ठेवावं, असं मी मुलाला म्हणाले. तो म्हणाला, "काटा आता इलेक्ट्रॉनिक आहे मम्मी."

दोशी म्हणजे कापडवाला. संस्कृतात दूष्य म्हणजे कापड, ते विकणारा दौष्यिक, त्याचा दोशी. माझ्या एका मैत्रिणीच्या मुलाला शाळेत बाई कायम 'दोषी' लिहायच्या, बिचारा दहावीपर्यंत दोष नसताना दोषी राहिला. कोठारी कोठार सांभाळणारे, भंडारी भांडार सांभाळणारे. पारेख म्हणजे पारखणारे, नाणी खरी की खोटी ते सांगणारे. झवेरी जवाहिरावरून आणि श्रॉफ सराफावरून, हे दोन्ही अरबी शब्द. वोरा म्हणजे व्यवहारी. मेहता म्हणजे महत्तर, गावातला हिशेबाचा मोठा माणूस. संघवी ज्यांच्या पूर्वजांनी संघ काढून यात्रा घडवली त्यांचं, म्हणजे पुण्याईवरून पडलेलं आडनाव.

काही नावं गावांवरून आली. ओसवाल राजस्थानातल्या ओसियांचे, श्रीमाळी श्रीमाळचे म्हणजे आजच्या भीनमाळचे, खंडेलवाल खंडेल्याचे, कासलीवाल कासलीचे. कोल्हापूर-सांगलीकडच्या आपल्या दिगंबर भगिनींची आडनावं तर इथल्या मातीचीच आहेत, पाटील, चौगुले, मगदूम, उपाध्ये. गावच्या कारभारातल्या मानाच्या जागा त्या. हल्ली जनगणनेत आपली संख्या नीट दिसावी म्हणून सरसकट 'जैन' लिहा असंही सांगतात. धर्माच्या रकान्यात ते लिहायलाच हवं. पण आडनाव पुसून लिहू नये असं मला वाटतं, कारण त्या एका शब्दात चार-पाचशे वर्षांचं दुकान, गाव, नाहीतर यात्रा असते.

हे सगळं ऋतुजाला सांगत होते तेव्हा ती म्हणाली, "मम्मी, यात बायकांचं काय आहे?"

खरंच. दुकान पुरुषांचं, पारख पुरुषांची, कोठारही पुरुषांचं. प्रत्यक्षात कोठाराच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला असायच्या ते आपल्याला ठाऊक आहे. तरी आडनाव आपल्याला वडिलांकडून मिळतं, मग नवऱ्याकडून. आपलं म्हणून उरतं ते पहिलं नाव. आणि तेच आपल्याकडून घेतलं जात होतं.

मग मी उलट बाजूने शोधायला लागले. आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच डोंगरांत.

कार्ल्याची लेणी आपण सगळ्याजणी एकवीरेच्या वाटेवर पाहिलेली. लेणी बौद्धांची, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची. तिथे दान देणाऱ्यांची नावं दगडात कोरली आहेत. प्रवेशदारापाशी एक लेख आहे, की हे दार धेनुकाकटच्या सिंहदत्त नावाच्या गंधिकाने दिलं. गंधिकाने! माझ्या माहेरचा शब्द दोन हजार वर्षांपूर्वी कार्ल्याच्या दगडावर आहे हे वाचून मला किती आनंद झाला. सिंहदत्त आपल्या धर्माचा नव्हता, माझा पूर्वजही नव्हे, पण धंदाबंधू तर खराच. तिथेच आणखी एक दान आहे, महादेवणक नावाच्या गृहस्थाची आई भायिला हिचं. मुलाचं नाव आहे, पण पुढे तिचं स्वतःचंही आहे. नुसतं 'महादेवणकाची आई' लिहून भागलं असतं, तसं केलं नाही. मावळातल्याच पाले गावाजवळच्या लेण्यात एक लेख आहे, तो तर अरिहंतांना नमस्कार करूनच सुरू होतो. भदंत इंद्ररक्षिताने लेणं आणि पाण्याची पोढी खोदवली, असं त्यात आहे.

आणि आमच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यातला नाणेघाट. तिथल्या गुहेत सातवाहन राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता पावलांच्या खुणांपलीकडे जवळजवळ काही उरलेलं नाही. पण मूर्तींच्या वर कोरलेली नावं आहेत. त्यात राणी नागनिकेचं नाव आहे, राजा सातकर्णीच्या नावाबरोबर. मूर्ती गेल्या आणि नावं राहिली. माहेरी असताना शाळेच्या सहलीला तिथे गेले होते, तेव्हा आम्ही मुली फक्त जकातीचा दगडी रांजण बघून परत आलो. आता पुन्हा जायचं आहे.

त्याच घराण्यातले पुढचे राजे स्वतःला गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र म्हणवून घेत. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या मुलाचं गुणगान कोरून ठेवलं आहे. तेव्हा बाळाच्या नावापुढे आईचं नाव लावायचं म्हणजे काही नवं फॅड नाही. हे मी आमच्या ह्यांना सांगितलं, कारण अर्जातला तो रकाना पाहून "हे काय नवीन" असं पहिल्यांदा तेच म्हणाले होते.

आता आपल्या शास्त्रात काय आहे ते पाहा. लोगस्स आपण रोज म्हणतो, चोवीस नावं एका दमात येतात. पण ती नावं कशी पडली हे पाठशाळेत ऐकलेलं आपण विसरतो. अजितनाथ गर्भात असताना सोंगट्यांच्या खेळात राजाला आईला जिंकता येईना, म्हणून अजित. सुमतिनाथ गर्भात असताना आईने एका मुलावरून भांडणाऱ्या दोन स्त्रियांचा निवाडा सुबुद्धीने केला, म्हणून सुमति. शीतलनाथांच्या वेळी आईच्या हाताच्या स्पर्शाने वडिलांच्या अंगाचा दाह शमला. चंद्रप्रभूंच्या आईला चंद्र पिण्याचे डोहाळे लागले. मुनिसुव्रतांच्या आईने उत्तम व्रतं पाळली. पार्श्वनाथांच्या आईने अंधारात कुशीजवळून जाणारा काळा साप पाहिला, कुशीजवळ म्हणजे पार्श्वात. एकेक नाव आईच्या अंगाने आलं आहे. आईने काय पाहिलं, काय मागितलं, काय केलं, ते तिच्या मुलाचं नाव झालं.

आणि पर्युषणात आपण कल्पसूत्र ऐकतो. जन्मवाचनाच्या दिवशी पाळणा, स्वप्नं, नारळ यांच्या गडबडीत पुढचा भाग कानावरून जातो. मी गेल्या वर्षी लक्ष देऊन ऐकला. आपल्या श्वेतांबर परंपरेच्या त्या सूत्रात महावीर प्रभूंच्या घरच्यांची नावं दिली आहेत. आईची तीन नावं, त्रिशला, विदेहदिन्ना आणि प्रियकारिणी. मुलीची दोन, अनवद्या आणि प्रियदर्शना. इतकंच नाही, मुलीच्या मुलीचीही दोन, शेषवती आणि यशोवती. प्रभूंची स्वतःची तीन नावं तर आहेतच, वर्धमान, श्रमण, महावीर. पण नातीची दोन्ही नावं अडीच हजार वर्षं जपून ठेवणारा आपला धर्म आहे, आणि आमच्या बांचं एक नाव सिद्ध करायला आम्हाला स्टॅम्पपेपर लागला.

हे मी महिला मंडळात बोलले तेव्हा एक वडीलधाऱ्या बेन म्हणाल्या, "अगं, नाम आणि गोत्र ही तर आठ कर्मांतली दोन कर्मं. आत्म्याला कसलं नाव? नवकारात तरी कोणाचं नाव आहे?" त्यांचं म्हणणं खोडून काढण्यासारखं नाही. नवकारात एकाही व्यक्तीचं नाव नाही, आपण गुणांना नमस्कार करतो, हेच आपल्या मंत्राचं मोठेपण. शास्त्रातल्या नामकर्माचा अर्थ हाक मारायच्या नावापेक्षा पुष्कळ मोठा आहे, शरीर, रूप, गती सगळं त्यात येतं, पण शेवटी तेही सुटायचंच आहे.

मी त्यांना एवढंच म्हणाले, की दीक्षा घेताना साध्वीजी नाव सोडतात, ते त्या स्वतः सोडतात. वर्षानुवर्षं भावना भावून, घरच्यांची अनुमती घेऊन, डोळे उघडे ठेवून. तरीही त्यांच्या परिचयात संसारी नाव आणि आईवडिलांची नावं आवर्जून सांगतात. आम्ही कुठे काही सोडलं होतं? आमचं तर तांदळात पुसलं गेलं. स्वतःच्या मनाने सोडलं तर तो त्याग. बेन हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "माझं माहेरचं नाव कंकू."

नाव बदलणं वाईटच, असंही मला म्हणायचं नाही. २०११ मध्ये साताऱ्यात जिल्हा परिषदेने नकुशी, नकोशी अशी नावं असलेल्या अडीचशेहून अधिक मुलींना नवी नावं दिली होती. मुलगी नको होती म्हणून ठेवलेली ती नावं. त्या मुलींना ज्या दिवशी नवं नाव मिळालं तो त्यांचा खरा बारशाचा दिवस. प्रश्न फक्त, जिचं नाव तिला कोणी विचारलं का, एवढाच आहे.

आता माझी चूक सांगते, नाहीतर हा लेख खोटा होईल.

२०१९ मध्ये निखिलचं लग्न ठरलं. बांचा तो स्टॅम्पपेपर मी स्वतः कपाटात ठेवला होता. माझं स्वतःचं नाव गेलं होतं. तरीही ऋतुजाच्या आईला मी फोनवर काय म्हटलं असेन? "आम्ही नाव बदलू हं, निखिलच्या राशीला जुळणारं अक्षर काढलंय." नावही ठरवून ठेवलं होतं. वाटलं, सगळ्यांचं होतं, हिचंही होईल. माझ्यावर जे झालं ते मला रीत वाटायला लागलं होतं, हे तेव्हा कळलं नाही.

ऋतुजाने घरी येऊन, माझ्यासमोर बसून सांगितलं, "मम्मी, घरात जे नियम असतील ते मी शिकेन. चौविहार जमेल तसा करेन. कांदा-लसूण आमच्याकडेही नाहीच. पण नाव नको." माझा चेहरा पडला. मी काही बोलणार तोच आतल्या खोलीतून बांचा आवाज आला. तेव्हा त्या एकोणऐंशीच्या होत्या, आम्हाला वाटायचं त्यांना ऐकू येत नाही.

"मला कोणी विचारलं नव्हतं. तुलाही नाही. हिने विचारायच्या आधीच सांगितलंय, तर ऐका."

मी दोन महिने मनात धुसफुसत होते. सुनेने पहिल्याच दिवशी नाही म्हटलं, सासूबाईंनीही तिचीच बाजू घेतली, असं सगळं. संवत्सरीला ऋतुजा मिच्छामि दुक्कडम् करायला वाकली तेव्हा मीच आधी म्हटलं. तिला वाटलं, सगळ्यांना म्हणतो तसं. आज इथे लिहिते आहे तर तिला कळेल, कशासाठी होतं.

२०२१ मध्ये बा गेल्या. शेवटचे चार-पाच दिवस त्या फारसं बोलत नव्हत्या. आम्ही आळीपाळीने कानाशी नवकार म्हणत होतो. एका दुपारी खोलीत मी एकटीच होते. का कोण जाणे, मी हळूच म्हटलं, "चंपा." त्यांनी डोळे उघडले की नाही, ते मी सांगणार नाही. मलाच नक्की आठवत नाही, आणि जे आठवतं ते मला हवं म्हणून आठवत असेल. पण ती हाक मी मारली, याचं बरं वाटतं.

बारसं झालं. आपल्याकडे नाव फई ठेवते आणि इथल्या मराठी घरांत आत्या, म्हणजे माणूस एकच. माझी लेक पुण्याहून आली. झोळीला चार मुलांनी टोकं धरली, आणि शेजारच्या काकूंनी पाळणाही म्हटला. घुगऱ्या आणि लापशी दोन्ही झाल्या. फईने कानात सांगितलं, प्रियदर्शना. हल्ली सगळीकडे आर्वी आणि याश्वी असताना एवढं लांब नाव कशाला, असं दोन-तीन जणी कुजबुजल्या. ऋतुजाला आवडलं. म्हणून मलाही. अर्जावर आता पूर्ण नाव आहे, प्रियदर्शना ऋतुजा निखिल शाह. लिहून झाल्यावर मुलगा म्हणाला, "रकान्यात मावत नाही." म्हटलं, बारीक अक्षरात लिही, पण पूर्ण लिही.

त्याच दिवशी मी एक वही केली. जन्मपत्रिका ठेवतो त्या डब्यात ठेवली आहे. घरातल्या बायकांची नावं, डावीकडे माहेरचं, उजवीकडे सासरचं, खाली माहेरचं गाव. हंसा, वर्षा, जुन्नर. चंपा, सुशीला, आंबेगाव. ऋतुजा, ऋतुजा, बारामती. जाऊबाईंचं लिहिलं, दोन्ही काकींचं लिहिलं, आईचं आणि मामींचंही लिहिलं.

मग बांच्या सासूबाईंची ओळ आली. त्यांचा फोटो आमच्या बैठकीत आहे, डोक्यावर पदर, हातात माळ. उजवीकडे लिहिलं, चंपा. डावीकडे काय लिहू? कारण हळूहळू कळलं, की चंपा हेही त्यांचं सासरचंच नाव होतं. ज्या नावासाठी आमच्या बांनी आपलं नाव सोडलं, ते त्या सासूबाईंनाही लग्नातच मिळालेलं. त्यांचं पहिलं नाव मी मोठ्या नणंदबाईंना विचारलं, मुंबईच्या काकांना फोन केला, वापीला लांबचे एक भाऊ आहेत त्यांना विचारलं. कोणालाच माहीत नाही. बांना माहीत असणार. पण मी विचारलं नव्हतं.

ती जागा वहीत कोरी ठेवली आहे.

मैत्रिणींनो, आज संध्याकाळी प्रतिक्रमण झाल्यावर आपल्या सासूबाईंजवळ, आजेसासूबाईंजवळ पाच मिनिटं बसा. त्यांना विचारा, तुमचं माहेरचं नाव काय होतं, आणि कोण त्या नावाने हाक मारायचं. लिहून ठेवा, तारीख घाला. आणि तुमचंही लिहा.

जय जिनेंद्र.

तुमची,
हंसा वर्षा शाह